खरखर

रात्री साडेनऊनंतर चाळीस मीटरवर
मोहरी तडतडावी तशी खरखर,
आणि तिच्याखाली, पार तळाशी,
बेळगावचे हुद्दार.
तीन आठवडे त्यांचे अर्धेच शब्द
वहीत उतरतायत. बाकी टिंबं टिंबं.

रविवारी सकाळी मेन स्विच पाडला.
फ्रिज गप्प. पंखा चार फेऱ्या जास्तीच्या घेऊन गप्प.
'अगं, माझं दूध!' हे मायक्रोवेव्हसमोर.
सेट बॅटरीवर होता. काटा नऊवरून पाचावर आला.
म्हणजे निम्मा गुन्हा घरातलाच.

मग एकेक खटका वर.
बेडरूम निर्दोष.
हॉलमधला चार्जर थोडा कुरकुरला,
आणि स्वयंपाकघराचा खटका टेकवला मात्र,
सेट किंचाळलाच.
मिक्सर नाही, ओव्हन नाही.
देवघरातली ती तुळशीबागेतली समई,
कधीच न विझणारी, प्लॅस्टिकच्या ज्योतीची.
काढली. तेलाची लावली.
'धार्मिक झालीस की,' हे म्हणाले.

उरलेल्यासाठी छोटा ट्रान्झिस्टर घेतला हातात.
त्याच्या पोटात फेराइटची दांडी असते.
तिचं टोक जिकडे, तिकडचं तिला ऐकू येत नाही.
म्हणून आवाज वाढेल तिथे नाही शोधायचं.
फिरवत राहायचं, आवाज मेला की थांबायचं,
आणि टोकाकडे बघायचं.
टोक फरशीकडे होतं.

खाली गुगळे. त्यांची मत्स्यपेटी, निळा दिवा,
दिव्याचा स्वस्तातला अडॅप्टर.
चिवड्याच्या डब्यातून काळी कडी काढली,
वायरीचे नऊ वेढे दिले.
गुगळेबाई जरा मागे सरकून बघत होत्या.
'कसला तोडगा हो?'
'दृष्ट लागते माझ्या रेडिओला, तिच्यावर.'
तिसऱ्या दिवशी त्याच वर आल्या.
धाकट्याचं कुठे जमत नाहीये,
त्याच्या मोबाइलच्या वायरीला एखादी...
दिली. काय सांगणार?
नऊच वेढे द्या, म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

खांबावरचा सैल जोड मात्र राहिलाय.
तळजाईकडून वारा सुटला की तो चरचरतो.
महावितरणला फोन केला.
'लाइट गेलीय का?'
'नाही.'
'मग तक्रार काय आहे, मॅडम?'

काल वारा पडलेला होता.
काटा दोनावर. किती वर्षांनी
बँडचा तळ दिसला, खडे मोजावेत इतका.
हुद्दार आले. स्वच्छ, जवळ,
जणू पलीकडच्या टेबलावर बसलेत.

आणि ऐकू आलं:
त्यांची रेघ मध्येच तुटते.
पाच टिंबांच्या जागी सहा पडतात, कधी सात.
एखाद्या अक्षराआधी हात थांबतो,
जिना उतरताना पायरी चाचपावी तसा.

तारघरात आम्ही माणूस हातावरून ओळखायचो,
चेहरा फार नंतर, बदली झाली तर.
हा हात मला एकोणऐंशीपासून माहीत आहे.
कडकट्ट, कडकट्ट, न चुकता, मीटरसारखा.
मी सगळं खरखरीवर ढकलत होते.

एक क्षण वाटलं, ती समई
परत लावावी.

मग माझा वेग कमी केला. मिनिटाला बारा शब्द,
शिकाऊ पोरांसाठी असतो तेवढा.
त्यांना कळलं असणार. बोलले नाहीत.
फक्त विचारलं, कसा येतोय मी?

पाच, नऊ, नऊ, मी कळवलं,
प्रत्येक आकड्यामध्ये भरपूर जागा सोडून.
स्पष्टता पाचपैकी पाच. जोर नऊ. सूर नऊ.
खोटं काहीच नव्हतं.
हाताचा रकाना त्यात नसतो.